शंभर दाण्यांची परीक्षा

दिवाळी अंकातला प्रवासलेख म्हटला की वाचक काश्मीरच्या शिकाऱ्याची नाही तर कन्याकुमारीच्या सूर्यास्ताची वाट पाहतो. ज्यांना तेच हवे असेल त्यांनी खुशाल चार पाने पुढे जावे. मी आज वाचकांना वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगला नेणार आहे. तिथे थंड हवा नाही, सरोवर नाही आणि फोटोच्या चौकटीत नेमका बसेल असा धबधबाही नाही. पण आपले चिरंजीव किंवा जावईबापू रात्रीच्या जेवणानंतर मोबाइल उघडून 'बायोटेक'च्या शेअरांविषयी हलक्या आवाजात बोलू लागले असतील, तर अनसिंगची वारी जरूर करावी. दलाल स्ट्रीटवर न मिळणारे काही शहाणपण तिथे गोणपाटात गुंडाळून ठेवलेले असते.

जायची आता अडचण उरलेली नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला. हा रस्ता वाशीम जिल्ह्यातूनच जातो. शेलूबाजारला खाली उतरावे आणि वाशीम गाठावे. वाशीमला जिल्ह्याचा मान 1 जुलै 1998 रोजी मिळाला. त्याआधी ते अकोला जिल्ह्यात होते. मात्र गावाचे मोठेपण फार जुने. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. अजिंठ्याचे सोळावे लेणे याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरवून दिले. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावून दिले आहे! जिथे साहित्याचे लग्न लागले, त्या गावात आज चहाच्या टपरीवर सोयाबीनच्या भावावाचून दुसरा विषय ऐकू येत नाही. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. लग्न लागल्यावर संसाराला पैसा लागतोच.

वाशीमहून पुसदचा रस्ता धरला की शहर लवकरच मागे पडते आणि काळी माती सुरू होते. मी गेलो तेव्हा मृग लागला होता. नांगरून वखरून ठेवलेली शेते पाटी पुसून तयार ठेवावी तशी पसरली होती. बांधावरची पळसाची आणि निंबाची झाडे सोडली तर हिरवे असे काही नव्हते. जो तो हातातले काम करता करता मान वर करून आभाळाकडे पाहत होता. एस.टी.त माझ्या शेजारी बसलेल्या आजीबाईंनी तिकिटाचे सुटे पैसे मोजून घेतले, ते लुगड्याच्या गाठीत बांधले आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "वरचा कवा देते कोन जाने!" पैशाचा हिशेब त्यांच्या हातात होता, पावसाचा नव्हता.

अनसिंगचे नाव गावकरी शृंगऋषीशी जोडतात. त्याचे देऊळ गावात आहे. हा डोक्यावर शिंग असलेला ऋषी म्हणजे रामायण-महाभारतातला ऋष्यशृंग. त्याची कथा वाचकांना ठाऊक असेलच, पण थोडक्यात उजळणी करतो. अंगदेशात पाऊस पडेना. राजा रोमपादाला सल्लागारांनी सांगितले की विभांडक ऋषीच्या मुलाचे पाऊल राज्यात पडले तर पाऊस येईल. तो मुलगा अरण्यात वाढलेला. त्याने बापाखेरीज माणूस पाहिलेला नाही. राजाने गणिका पाठवल्या, त्यांनी त्याला युक्तीने आणले, त्याने राज्यात पाऊल ठेवले आणि आभाळ फुटले. राजाने आपली शांता नावाची मुलगी त्याला दिली. देवळापुढे उभे राहून मला वाटले, रोमपादानेही एक मोठी जोखीमच घेतली होती. सल्लागारांच्या एका शब्दावर त्याने द्रव्य आणि अब्रू दोन्ही पणाला लावली. त्याचा डाव साधला म्हणून कथा झाली. ज्यांचे डाव फसले त्या राजांच्या कथा कुणी लिहून ठेवल्या नाहीत. शेअरबाजारातही नेमके असेच होते. दहापट पैसे झालेला गृहस्थ लग्नाकार्यात सगळ्यांना गाठून सांगतो, आणि बुडालेला गृहस्थ जिलबी खात गप्प बसतो.

पण ऋषी येवो वा न येवो, पेरणीची तयारी थांबत नाही. मृगात अशा गावांमधली कृषी सेवा केंद्रे माणसांनी भरून गेलेली असतात. अशाच एका दुकानाच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो होतो. भिंतीवर टपोऱ्या बोंडांची आणि शेंगांनी लगडलेल्या झाडांची रंगीत चित्रे होती. प्रत्येक चित्रातला शेतकरी हसरा, त्याचे धोतर पांढरेशुभ्र. दुकानात आलेल्या एकाचेही धोतर तसे नव्हते.

इथे दोन जातींचा माल विकला जातो आणि त्यांतला फरक शहरातल्या माणसाने समजून घेण्यासारखा आहे. सोयाबीन हे सरळ वाण. त्याच्या फुलात परागीभवन जागच्या जागी होते, म्हणून यंदाच्या पिकातले चांगले दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तरी वाण तोच राहतो. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे 1994 साली प्रसारित झालेले जे.एस. 335 हे वाण विदर्भातल्या शेतांत वर्षानुवर्षे नांदले ते यामुळेच. असे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क 2001 च्या कायद्यानेही मान्य केला आहे. कपाशीचे तसे नाही. ती संकरित. तिचे दाणे राखून पेरले तर पुढच्या पिढीत पोरे बापावर जात नाहीत. दरवर्षी नवी पुडी घ्यावीच लागते. ही पुडी 475 ग्रॅमची असते आणि तिची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. 2025 च्या हंगामासाठी ती 901 रुपये होती.

त्या पुडीत जे आहे तेच शेअरबाजारात 'बायोटेक' या भारदस्त नावाने ओळखले जाते. जमिनीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवाणूच्या अंगी बोंडअळीला मारणारे विष तयार करण्याचा गुण असतो. शास्त्रज्ञांनी त्या गुणाचे जनुक काढून कपाशीत बसवले. अळीने पान खाल्ले की ती मरते. भारत सरकारने अशा बीटी कपाशीला मार्च 2002 मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली. ती तीन वाणे जालन्याच्या 'महिको'ची होती. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली काढलेल्या या कंपनीने अमेरिकेच्या 'मोन्सँटो'शी भागीदारी केली होती. पुढे छत्रपती संभाजीनगरच्या 'नाथ'सारख्या कंपन्याही यात उतरल्या. 'नाथ'ने चीनमधून आणलेल्या जनुकाला 2006 मध्ये परवानगी मिळाली. तेव्हा जैवतंत्रज्ञान हे बंगळूरच्या काचेच्या इमारतींत राहते अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. मराठवाड्यात आणि वऱ्हाडात ते मातीत हात घालून बसले आहे.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले आणि दहाएक वर्षांत देशातली बहुतेक सगळी कपाशी बीटीची झाली. पण या विद्येला एक पथ्य होते. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या निदान पाच ओळी लावायच्या, म्हणजे विष न पचवलेल्या अळ्या तिथे जगतील आणि त्यांच्यामुळे विषाला दाद न देणाऱ्या अळ्यांचा वंश फोफावणार नाही. त्यासाठी पुडीबरोबर साध्या बियाण्याची वेगळी पुडी मिळे. ती पुष्कळांनी पेरलीच नाही. ज्याच्याकडे चार एकर जमीन, तो किडीसाठी शेत का सोडील? शेवटी गुलाबी बोंडअळीने विष पचवले. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे फोडून पाहिली तर आत अळी! शास्त्र खोटे नव्हते. पण प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्ट उघड्या रानात किती वर्षे टिकेल, याची हमी पुडीवर छापता येत नाही.

सरकारी संस्थांनाही हा अनुभव चुकला नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासह 'बिकानेरी नरमा बीटी' हे सरळ वाण काढले. म्हणजे पुडी एकदा घ्यावी आणि पुढे घरचे बियाणे पेरावे. गरीब शेतकऱ्याला याहून मोठे वरदान काय असणार! ते बाजारात आले आणि थोड्याच काळात मागे घ्यावे लागले, कारण त्यात दुसऱ्याच्या जनुकाची भेसळ निघाली. हेतू उत्तम, माणसे विद्वान, तरीही पीक हाती आले नाही.

हे सगळे मी दुकानाच्या पायरीवर बसून ज्यांच्याशी बोलत होतो ते साठीच्या घरातले एक शेतकरी. त्यांनी बियाण्याची एकही बॅग घेतली नाही. फक्त बुरशीनाशकाची डबी घेतली आणि मला म्हणाले, "चाला घरी. आमचं बियानं घरीच आहे. परीक्षा लावून ठेवली, निकाल आज आहे."

घरी गेल्यावर परीक्षा पाहिली. ओसरीच्या कोपऱ्यात एक ओले गोणपाट गुंडाळून ठेवले होते. घरच्या सोयाबीनच्या पोत्यांतून वरचे, मधले, खालचे असे दाणे काढून त्यांतले शंभर सरसकट मोजून घ्यायचे. चांगले चांगले निवडायचे नाहीत. तशी लबाडी केली तर ती आपल्यालाच भोवते. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरे गोणपाट टाकायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि चार-पाच दिवसांनी उलगडून मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना चांगले कोंब आले तर बियाणे पास. एकरी तीस किलोने पेरावे. त्याहून कमी आले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. फारच कमी आले तर ते पोते पेरणीतून बाद. त्याला बाजार दाखवावा.

गृहिणीने गुंडाळी उलगडली. घरातली सगळी माणसे भोवती जमली, अगदी दहावीचा निकाल पाहायला जमावीत तशी. मोजणी झाली. अठ्ठ्याहत्तर! "पास," बाई म्हणाल्या आणि उरलेले बावीस दाणे त्यांनी एकेक करून हातात घेऊन पाहिले. कुठला कुजला, कुठला नुसता फुगला, कुठल्याचे टरफल मळणीयंत्रात फुटले होते. उगवलेल्या अठ्ठ्याहत्तरांपेक्षा न उगवलेल्या बावीस दाण्यांकडे त्यांचे लक्ष अधिक होते.

या परीक्षेला इतके महत्त्व का, हे 2020 च्या जूनने शिकवले आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात पेरलेले सोयाबीन ठिकठिकाणी उगवलेच नाही. हजारो तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली. पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत जमिनीतली ओल थांबत नाही. दुबार पेरणीचा पैसा शेतकऱ्यालाच उभा करावा लागतो.

त्याच घरात मला शेअरबाजार भेटला. धाकटा मुलगा पुण्याला एका कारखान्यात नोकरीला. पेरणीसाठी चार दिवसांची रजा काढून आला होता. मागच्या हंगामाचे वीस क्विंटल सोयाबीन आतल्या खोलीत पोत्यांत पडून होते. मुलाचे म्हणणे, ते विकावे आणि त्याचे ऐंशी हजारांच्या आसपास येतील ते एका औषध कंपनीच्या शेअरात घालावे. कंपनी छोटी, अमेरिकेतली. कॅन्सरवर एकच औषध करते आहे. औषध पास झाले तर पैशाचे दहापट. मोबाइलवरच्या कुठल्याशा मंडळींनी तसे सांगितले होते.

"आन् नापास झालं तं?" वडिलांनी विचारले.

"मंग तुमी काय करून राह्यले, बाबा?" मुलगा उसळून म्हणाला. "आठ महिने झाले, सोयाबीन घरात ठेवलं. भाव वाढन, भाव वाढन! तो सट्टा नाही तं काय आहे?"

वडील काही बोलले नाहीत, कारण मुलाच्या म्हणण्यात तथ्य होते. 2021 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेले होते. त्या भावाची चटक गावोगाव लागली. पण त्याच ऑगस्टमध्ये सरकारने बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. गंमत अशी की ती पेंड जनुक बदललेल्या सोयाबीनची होती, जे आपल्या शेतकऱ्याला पेरायला बंदी आहे. नवा माल बाजारात आला तेव्हा भाव निम्म्याच्या घरात उतरला होता. डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदेही सेबीने बंद केले आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. 2024-25 च्या हंगामाचा हमीभाव होता 4,892 रुपये, आणि बाजारात त्याहूनही कमीच मिळत होते. तरीही आतल्या खोलीतली पोती कधीतरी दहा हजारांचा भाव पुन्हा येईल या आशेवर बसून होती.

वाचकांना वाटेल की आता मी मुलाला चार उपदेशाच्या गोष्टी सांगितल्या असतील. तसे काही झाले नाही. मी फक्त औषधाच्या शेअरांची त्याला ठाऊक असलेली आणि नसलेली हकीकत सांगितली. तीच इथे सांगतो.

छोट्या बायोटेक कंपनीकडे बहुधा विकायला काहीच नसते. तिच्याकडे असते एक कल्पना, थोडे शास्त्रज्ञ आणि दुसऱ्यांचा पैसा. औषध आधी प्राण्यांवर, मग माणसांवर तीन टप्प्यांत तपासले जाते. त्यात आठ-दहा वर्षे सहज जातात. तोवर उत्पन्न नाही, म्हणून कंपनी पुन्हा पुन्हा नवे शेअर काढते आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होत जातो, ताकात पाणी घालावे तसा. अमेरिकेतल्या 2011 ते 2020 या दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध आहे. माणसांवरच्या पहिल्या टप्प्यापर्यंत आलेल्या शंभर औषधांपैकी शेवटी परवानगी मिळते ती साधारण आठांना.

हे ऐकल्याबरोबर बाई म्हणाल्या, "शंभरात आठ? असं बियानं तं कोनी कोंबड्याले बी टाकत नाही!"

इतक्या थोड्या शब्दांत या धंद्याचे वर्णन मी दुसरीकडे ऐकलेले नाही. मात्र त्याला एक पुस्ती जोडली पाहिजे. शंभरात आठच उगवणार असतील तरी मोठे धनिक ते बियाणे पेरतात, कारण ते शंभरच्या शंभर दाणे पेरू शकतात. आठांचे पीक ब्याण्णवांचा खर्च भरून काढते आणि वर उरते. त्यांच्या धाडसावर नवी औषधे निघतात, हेही खरे. पण पुण्याच्या कारखान्यातला मुलगा किंवा डोंबिवलीतला चाकरमान्या एकच दाणा घेतो आणि त्यावर वर्षाची भाकरी लावतो.

बरे, दाणा उगवला तरी सुटका नाही. 'नोव्हाव्हॅक्स' या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घ्या. बरीच वर्षे तिची एकही लस बाजारात नव्हती. 2016 च्या सप्टेंबरात तिची एक लस चाचणीत नापास झाली आणि शेअरची जवळजवळ सगळी किंमत एका रात्रीत धुऊन निघाली. 2019 मध्ये तीच लस पुन्हा नापास झाली. वीस शेअरांचा एक शेअर करून कंपनीने कशीबशी इभ्रत राखली. 2020 उजाडले तेव्हा भाव चार डॉलरच्या आसपास होता. मग करोना आला. कंपनीची करोनावरची लस चाचण्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास गुणकारी ठरली. फेब्रुवारी 2021 मध्ये तो शेअर तीनशे डॉलरच्या पार गेला! हीच लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोव्होव्हॅक्स' या नावाने बनवली आणि भारतात तिला डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत मात्र परवानगी यायला जुलै 2022 उजाडले. तोवर बहुतेकांचे दंड इतर लशींनी टोचून झाले होते. 2024 च्या आरंभी शेअर पुन्हा पाच डॉलरच्या खाली होता. लस खरी निघाली, शास्त्रज्ञ जिंकले, आणि तीनशे डॉलरला शेअर घेतलेला माणूस बुडाला. औषधाचा गुण आणि शेअरचा भाव ही दोन वेगळी पिके आहेत; एक उत्तम आले म्हणून दुसरे येतेच असे नाही.

आणि कधी कधी तर दाणाच नसतो, नुसती पिशवी असते. एप्रिल 2021 मध्ये देशात प्राणवायूसाठी हाहाकार उडाला तेव्हा 'बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स' या मुंबईच्या कंपनीचा शेअर तीन आठवड्यांत दुप्पट होऊन वीस हजार रुपयांच्या पलीकडे गेला. कंपनीने वायू बनवणे ऑगस्ट 2019 मध्येच बंद केले होते. तिचा व्यवसाय गुंतवणुकीचा उरला होता. लोकांनी पाटीवरचा एक शब्द वाचला आणि पैसे ओतले. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना 1990 नंतरची वर्षेही आठवत असतील. टिश्यू कल्चर, निर्यातीची फुले, अळिंबी, सागवानाची लागवड अशा नावांनी कंपन्यांचे अर्ज घरोघर येत. रंगीत माहितीपत्रकावर हिरवीगार रोपे असत. त्यांतल्या कित्येक कंपन्या पुढे पत्त्यावरच सापडेनात. 1999 साली सेबीने असल्या लागवडीच्या योजनांना नियम लावले तेव्हा कित्येकांच्या फंडाचे पैसे केव्हाच मातीत गेले होते.

मुंबईकराला हा रोग नवीन नाही, आणि त्याची सुरुवातही कापसातूनच झाली होती. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत शेअरांच्या वेडात शिरला. बॅक बेच्या भरावाच्या कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेल्याचे सांगतात. 1865 मध्ये युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदांसारख्या बाजाराच्या राजालाही त्याने आडवे केले. कापूस तेव्हाही शेतात होता आणि नंतरही राहिला. बुडाला तो त्याच्या नावावर उभारलेला मनोरा.

शेतकरीही सट्टेबाज आणि शेअर घेणाराही सट्टेबाज, मग दोघांत फरक कुठला? अनसिंगच्या त्या ओसरीवर मला तो स्पष्ट दिसला. शेतकऱ्याला जुगारात उतरायचे की नाही हे ठरवण्याची मोकळीक नाही. मृग आला की पेरावेच लागते. म्हणून पिढ्यान् पिढ्या त्याने जोखीम लहान करण्याच्या युक्त्या शोधल्या. सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीची ओळ असते, ती यासाठी की एक गेले तर दुसरे घर तारील. शंभर मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल जाईपर्यंत तो पहिल्या सरीला भुलून तिफण काढत नाही. बियाणे गोणपाटाच्या परीक्षेतून गेल्याखेरीज तो ते मातीत टाकत नाही. आणि बियाण्याचे पोते घरात वेगळे ठेवलेले असते. उपासमार झाली तरी त्याला हात लावायचा नाही. शहरातल्या माणसाला मात्र उतरण्याची सक्तीच नाही. त्याला थांबता येते. आणि ज्याला थांबता येते तोच पहिल्या सरीला धावतो, हे नवल!

त्या रात्री घरात पोत्यांचा निकाल लागला. तो बाईंनी लावला. मोठ्या मुलीची नर्सिंगची फी जुलैत भरायची होती. "आधी पोरीची फी," त्या म्हणाल्या. "बियान्याची पोती सोडून बाकी सारं सोयाबीन उद्या बाजारात न्या. भाव वाढन तवा वाढन. फी भरून राह्यलेला पैसा पेरनीचा. आन् तुले औषधाचं बियानं लावाचं असन तं तुह्या पगारातून लाव, एक मुठभर. पन आधी गोनपाटात टाकून पाहाय!"

मुलगा हसला. वडीलही हसले. भाव वाढण्याची आशा आपणही आता सोडायची आहे हे त्यांना कळले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पोती गाडीत चढली. मुलाने मला विचारले की कंपनी गोणपाटात कशी टाकतात. मी म्हटले, शंभर दाणे मोजता तसे चार प्रश्न मोजा. औषध चाचणीच्या कितव्या टप्प्यात आहे? कंपनीच्या गल्ल्यात आणखी किती महिने पुरेल इतका पैसा आहे? गेल्या तीन वर्षांत तिने किती नवे शेअर काढले? आणि ज्यांनी तुम्हाला हे नाव सुचवले, त्यांच्याकडे ते शेअर आधीपासून आहेत का? पहिल्या तिन्हींची उत्तरे कंपनीच्या छापील अहवालात मिळतात. चौथ्याचे उत्तर बहुधा मिळत नाही, आणि न मिळणे हेच उत्तर समजावे. आईने न उगवलेले बावीस दाणे हातात घेऊन पाहिले, तसे अशा कंपन्यांतल्या बुडालेल्या कंपन्यांकडे पाहायची सवय लावा, एवढेच आणखी सांगितले.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात तासाभराचे मुहूर्ताचे सौदे होतात. 1957 सालापासूनची ती प्रथा आहे, आणि पुष्कळ घरांत त्या दिवशी हौसेने चार शेअर घेतले जातात. हौसेला माझी ना नाही. आपल्या पैशातून, मूठभर, परीक्षा घेऊन, जरूर घ्यावेत. फक्त मुलांची फी, आईचे औषध आणि घराचा हप्ता ही बियाण्याची पोती आहेत, ती आतल्या खोलीत वेगळी राहू द्यावीत. त्याच संध्याकाळी अनसिंगला कपाशीची पहिली वेचणी सुरू झालेली असेल, तुरीला फुले लागली असतील, आणि नव्या सोयाबीनमधले चांगले पोते बाजूला काढून कुणीतरी त्याचे तोंड शिवून ठेवले असेल.